संमोहन : रंगमंचावरून रुग्णाच्या खाटेकडे

संमोहन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो झगझगीत पोशाखातला जादूगार आणि त्याच्या हुकमाने कच्चा बटाटा सफरचंद समजून खाणारा एखादा भाबडा प्रेक्षक. अशा खेळांमुळेच ही विद्या हसण्यावारी गेली. वस्तुतः तिचे स्थान रंगमंचावर नसून रुग्णाच्या खाटेपाशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८४५ साली बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने मोहनिद्रेत नेलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढल्याच वर्षी बोस्टनला ईथरचा प्रयोग यशस्वी झाला आणि मोहनिद्रा मागे पडली. ते योग्यच झाले. कारण ईथरने बहुतेक सर्वांना गुंगी येते, संमोहन मात्र सर्वांवर सारखे चालत नाही. पण मागे पडलेली गोष्ट निरुपयोगीच असते असे थोडेच आहे? बेल्जममधील लिएज येथे १९९२ पासून संमोहनाला स्थानिक भुलीची जोड देऊन थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

मला अधिक मोलाचा वाटतो तो आणखी एक उपयोग. माझी मावशी वर्षानुवर्षे पोटदुखीने बेजार होती. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा ‘मनाचे खेळ आहेत’ असे सांगून डॉक्टरांनी तिची बोळवण केली. मावशीने मग देवऋष्याची वाट धरली. तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? तपासणीत न सापडणारे, पण माणसाला हैराण करणारे आतड्यांचे दुखणे असते. १९८४ साली मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दुखण्यावर संमोहनाने गुण येतो असे दाखविले. २००८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने, वर्षभर औषधे घेऊनही आराम न पडलेल्यांसाठी या उपचाराचा विचार करावा, असे सुचविले. दुखण्याशी मनाचा संबंध आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट उपचाराला एक वाट अधिक मिळते.

कोणी म्हणेल, अशाने भोंदूंना आयतेच कुरण मिळेल. शंका रास्त आहे. संमोहनाने गाठ विरघळत नाही, जंतू मरत नाहीत. वेदना आणि भीती यांचा भार मात्र हलका होऊ शकतो. म्हणूनच ही विद्या शिकलेल्या डॉक्टरांच्या व मानसतज्ज्ञांच्या हाती असावी, रुग्णाच्या संमतीने वापरावी आणि चालू औषधे बंद करून तर मुळीच वापरू नये. वैद्यकीय महाविद्यालयांनी तिला अभ्यासक्रमात चार तास दिले, तर देवऋष्याच्या दारातली गर्दी थोडी तरी कमी होईल.