दोष आईचा, नफा कंपनीचा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत आरोग्य शिबीर झाले. सहा वर्षांच्या एका मुलाचे किडलेले दात पाहून डॉक्टर त्याच्या आईवर कडाडले, "दिवसभर कोल्ड्रिंक पाजतेस, मग दात कसे राहतील? आई आहेस ना तू?" चार घरची धुणीभांडी करणारी ती बाई मान खाली घालून उभी राहिली. मुलाचा बाप शेजारीच होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हे. नेहमीच्या गोड कोलात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत पाच चमचे. वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक मिळावेत, ५ टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. लहान मुलाला त्याहूनही कमी. तेव्हा ही पेये कमी व्हायलाच हवीत. प्रश्न एवढाच, की ती कमी करायची कोणी?

उत्तर ठरलेले आहे : बाईने. मीही एम.एस.डब्ल्यू. करताना 'मातांचे प्रबोधन' शिकले आणि पुढे वस्त्यांतून तेच सांगत फिरले. घरी ताक करा, पाणी उकळून द्या. ज्या वस्तीत नळ रात्री दोनला येतो, तिथे हे सांगताना जीभ कशी अडखळली नाही, याची आज लाज वाटते. रविवारी बाप दोन लिटरची बाटली आणतो, तो मुलांचा लाडका. 'नको' म्हणणारी आई मात्र वैरीण. आणि ती स्वतः? सगळ्यांचे डबे भरून ती निघते ती जास्त साखरेच्या कपभर चहावर. ही चैन नव्हे, भूक मारायचा स्वस्त उपाय आहे. तिला 'साखर सोड' म्हणण्याआधी 'जेवलीस का?' हे कोण विचारणार?

आता सरकारकडे पाहू. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा नियम २०२० मध्ये झाला. आपापल्या गावातल्या शाळेबाहेर उभ्या राहून बघा, तो कुठे दिसतो का! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के कर लागला, पण बिनफसफसणाऱ्या फळांच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. डब्यावर आंब्याचे चित्र असले की आतली साखर गोड मानून घ्यायची! आईला चमच्याचमच्याचा जाब विचारणारी व्यवस्था कर लावताना कंपनीला साखरेचे प्रमाणसुद्धा विचारत नाही.

कोणी म्हणेल, स्त्रियांवरच्या हिंसेचे, जमिनीच्या हक्कांचे एवढे प्रश्न असताना ही बाटली कुठे काढलीत? पण घरातल्या प्रत्येक आजारपणात रजा बाईची बुडते, मजुरी बाईची जाते, रात्रीची जागरणे तिचीच. कुटुंबाचे आरोग्य हा तिच्या फुकटच्या श्रमाचा प्रश्न आहे, म्हणून तो चळवळीचाही आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात स्वतःपासून करू. आपल्या मेळाव्यांत पाहुण्यांपुढे ही बाटली ठेवणे बंद करू. शिबिरात पोषणाची माहिती द्यायची असेल, तर बापांनाही समोर बसवू. पण तिथेच थांबायचे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ५० मीटरच्या नियमाचा जाब विचारू. प्रत्येक शाळेत आणि वस्तीत पिण्याचे स्वच्छ पाणी मागू. साखर किती, हे निरक्षर बाईलाही कळेल अशी ठळक खूण बाटलीच्या दर्शनी बाजूवर मागू.

त्या बाईची खाली गेलेली मान वर यायची असेल, तर बोट तिच्याकडून वळवून जिथे रोखायला हवे तिथे रोखावे लागेल.