पाव मिलिमीटरचं भूत

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात 'लेगसी' हा शब्द शिवीसारखा वापरतात. कुणाला लेगसी प्रोजेक्टवर टाकलं की बाकीचे त्याच्याकडे असं बघतात, जणू त्याला गडचिरोलीला बदली मिळालीये. मीही तसाच बघायचो. मागच्या पावसाळ्यापर्यंत.

तर झालं असं. नवी सांगवीत आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं शॉप आहे, बारा-तेरा माणसं, कॅमशाफ्टचं जॉबवर्क. एका बुधवारी रात्री ते घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे. "तू कॉम्प्युटरवाला ना? उद्या जरा शॉपवर येशील का?"

आता कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटरपासून वायफायपर्यंत सगळ्याचा डॉक्टर, हे आपल्या सगळ्यांच्याच नशिबी आहे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून मी वर्क फ्रॉम होम टाकलं आणि नाशिक फाट्याचा पूल ओलांडून भोसरी गाठली.

कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये कॅमशाफ्ट मोजायचं मशीन. १९९९ सालचं, काकांनी एका बंद पडलेल्या कारखान्याकडून सेकंडहँड घेतलेलं. खाली काळ्या ग्रॅनाइटचा बेड, आजही आरशासारखा. बाजूला पिवळट पडलेला पीसी, त्यावर विंडोज ९८. शाफ्ट फिरतो, स्टायलस त्याला टेकून राहतो, हजारो पॉइंट मोजले जातात आणि शेवटी डॉट मॅट्रिक्सवर रिपोर्ट निघतो. तो रिपोर्ट जोडल्याशिवाय गिऱ्हाईक कंपनी माल आत घेत नाही. म्हणजे अख्ख्या शॉपचा पगार त्या कागदातून निघतो म्हणा ना.

जूनमध्ये वीज पडल्यावर जुना मदरबोर्ड गेला होता. काकांनी जुन्या बाजारातून आयएसए स्लॉट असलेला एक पेंटियम थ्री बोर्ड पैदा केला (हे जमवणं म्हणजे खायचं काम नाही), जुनीच हार्ड डिस्क लावली आणि मशीन सुरू झालं. सगळे खूश. पण पंधरा दिवसांनी चांगले जॉब मधूनच रिजेक्ट दाखवायला लागलं. तोच जॉब पुन्हा लावला की पास! गिऱ्हाईक कंपनीचा क्वालिटी इंजिनियर म्हणाला, तुमच्या रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? ऑर्डर होल्डवर. आणि शॉपमध्ये बोट कुणाकडे? तर वीस वर्षं ते मशीन चालवणाऱ्या मामांकडे. जॉब नीट पुसत नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलाय, आता घरी बसवा, अशी भाषा सुरू झाली होती.

मी शहाण्यासारखं पहिलं काय विचारलं असेल? "काका, नवीन पीसी का नाही घेत? विंडोज ११ टाकू."

या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझंच शिक्षण झालं, म्हणून ते आधी सांगतो.

मशीनमधून येणारे पल्स मोजणारं एक कार्ड त्या पीसीत बसवलेलं आहे. कार्डाशी बोलणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. विंडोज ९८ म्हणजे जुना पेठेतला वाडा. दिंडी दरवाजा दिवसभर उघडा, कोणीही सरळ आत जाऊन कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकवावं. साधा प्रोग्रामसुद्धा थेट हार्डवेअरच्या पोर्टवर लिहू शकायचा. विंडोज एनटी, आणि त्याच्याच घराण्यातलं २००१ चं एक्सपी, म्हणजे आजची सोसायटी. गेटवर वॉचमन, ॲपवर एंट्री. पोर्टला हात लावायचा तर कर्नलमधला रीतसर ड्रायव्हरच हवा. ६४ बिट विंडोजमध्ये व्हिस्टापासून त्या ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. आणि नवीन मदरबोर्डवर आयएसए स्लॉट मुळात नसतोच. म्हणजे नवीन पीसी घेतला तर कार्ड बसणार नाही, बसलं तर जुना ड्रायव्हर चालणार नाही, नवीन लिहावा तर कार्डाची माहिती नाही.

हे नियम उगाच आलेले नाहीत, हेही सांगायला हवं. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका पेपरात लिहिलं होतं की एक्सपीच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात. दरवाजा उघडा ठेवल्यावर कोण कोण आत येतं ते दिसतंच. तेव्हा मायक्रोसॉफ्टने वॉचमन नेमला यात त्यांची चूक नाही.

असो. कार्ड बनवणाऱ्या कंपनीला मेल केली. उत्तर आलं की हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, कागदपत्रं देता येणार नाहीत, नवीन मशीनचं कोटेशन सोबत जोडलंय. आकडा वाचून काका खुर्चीत बसले.

मग मामांनी खिशातून एक वही काढली. जॉब कधी फेल झाला, किती वाजता, रीडिंग किती चुकलं, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. मला म्हणाले, "साहेब, घाण असती तर दरवेळी वेगळं चुकलं असतं. हे बघा, दरवेळी एवढंच." अकरा नोंदी. अकराही वेळा एकाच पॉइंटवर ०.२५६ मिलिमीटरचा फरक.

०.२५६! तुमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल :) त्या मशीनचा एक पल्स म्हणजे एक मायक्रॉन. म्हणजे चूक बरोब्बर २५६ पल्सची. धूळ २५६ मोजून पडत नाही हो.

कॉम्प्युटर नसलेल्या उदाहरणाने सांगतो. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा १९९ वरून २०० होतोय आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही फोटो काढलात. शंभराचं चाक पुढे सरकलंय, बाकीची दोन अजून हलायची आहेत. फोटोत दिसेल २९९. शंभराची चूक. कार्डातला आकडा तीन बाइटमध्ये येतो आणि प्रत्येक बाइट म्हणजे २५६ खणांचं एक चाक. ५११ चे ५१२ होताना अर्धवट वाचलं की ७६७ मिळतात, म्हणजे २५६ जास्त.

मग ते आत्ताच का व्हायला लागलं? शोध घेण्यासाठी ड्रायव्हर फोडून बघावा लागला. सोर्स कोड नाही, नुसता मशीन कोड. इंजिनियरिंगला आम्ही ८०८६ ची असेंब्ली शिकलो तेव्हा शेवटच्या बाकावरून 'हे कुठे वापरणार' म्हणून खिदळणाऱ्यांत मी होतो. दोन गुरुवार आणि एक रविवार त्यात गेला. सापडलं ते असं: ड्रायव्हर कार्डाला 'आकडा पकडून ठेव' असं सांगतो, मग थोडा वेळ थांबतो आणि मग तीन बाइट वाचतो. थांबतो कसा? तर रिकामा लूप, शंभर वेळा काहीच न करता गोल गोल फिरायचं. जुन्या २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर त्याला अंदाजे तीन मायक्रोसेकंद लागायचे, कार्डाला तेवढे पुरायचे. नवा बोर्ड ८०० मेगाहर्ट्झचा. लूप लवकर संपला आणि कार्डाची चाकं फिरत असतानाच फोटो निघाला.

म्हणजे कॉम्प्युटर चांगला मिळाला म्हणून मशीन बिघडलं! हा प्रकार मोठमोठ्यांकडूनही झालाय. विंडोज ९५ सुद्धा पुढे आलेल्या वेगवान प्रोसेसरवर असल्याच वेळ मोजण्याच्या हिशोबामुळे सुरू होतानाच कोसळायचं. नव्वदच्या दशकात ज्याने तो लूप लिहिला त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्याचं कार्ड त्याच्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त जगणार आहे.

मी १०० च्या जागी ५००० केले. फक्त एक आकडा. महिनाभर रोज एक ठरलेला मास्टर शाफ्ट मोजून पाहिला, भूत आलं नाही. मग ऑर्डर सुटली. मामा अजून त्याच खुर्चीवर आहेत.

इथपर्यंत गोष्ट. आता मुद्दा.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २००१ ते ८ एप्रिल २०१४, म्हणजे साडेबारा वर्षं सांभाळलं. सॉफ्टवेअरच्या जगात ते दीर्घायुष्य झालं. पण भोसरी-चाकणमध्ये वीस-तीस वर्षांचं लेथ म्हणजे घरचा कर्ता माणूस, त्याला म्हातारा कोणी म्हणत नाही. लोखंड आणि ग्रॅनाइट यांचं आयुष्य एक, ऑपरेटिंग सिस्टिमचं दुसरं. दोघांमध्ये लोंबकळतो तो ड्रायव्हर. ऑपरेटिंग सिस्टिम कायम जगवा असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या दिवशी कंपनी एखाद्या कार्डाचा सपोर्ट बंद करते, त्या दिवशी तिने त्याची रजिस्टरची माहिती खुली करावी. कुठल्या पत्त्यावर काय लिहायचं, किती थांबायचं, काय वाचायचं. बरेचदा हे दहा-वीस पानांचं काम असतं.

'ते आमचं गुपित आहे' हा युक्तिवाद मला चालू मॉडेलसाठी मान्य आहे. बंद मॉडेलचं गुपित जपून फायदा एकच, गिऱ्हाइकाला नवीन मशीन घ्यायला लागतं. 'जुनी सिस्टिम धोकादायक' हा दुसरा युक्तिवाद मात्र खरा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला. त्यावर आमचा उपाय साधा: काकांच्या पीसीला नेटवर्कची वायरच नाही. विंडोज ९८ पेन ड्राइव्हसाठीही वेगळा ड्रायव्हर मागतं, त्यामुळे ती वाटही आपोआप बंद.

माहिती खुली असली की काय होतं त्याचं उदाहरण आहे. लिनक्समध्ये मोजमापाच्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा एक संच आहे, नाव 'कॉमेडी'. नाव विनोदी, काम गंभीर. त्यात आयएसए स्लॉटच्या जमान्यातल्या कार्डांचे ड्रायव्हर आहेत, आणि २०२१ मध्ये तो संच प्रायोगिक कप्प्यातून काढून कर्नलमध्ये रीतसर बसवला गेला. काकांचं कार्ड त्या यादीत असतं तर माझे दोन गुरुवार वाचले असते.

त्याहून जवळचं उदाहरण आपल्या नदीपलीकडचं. डॉसच्या काळात पीसीवर मराठी दिसावं म्हणून जिस्ट नावाचं कार्ड स्लॉटमध्ये बसवायचे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. विंडोज आलं आणि ते कार्ड मागे पडलं. पण त्या कामाबरोबर अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचं इस्की हे मानक कागदावर प्रसिद्ध झालं होतं. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. तुम्ही आत्ता हे वाचताय त्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकामागे तो कागद आहे. कार्ड गेलं तरी चाललं, कारण माहिती कार्डात कोंडलेली नव्हती.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९९ साली भर पडली. रीतसर घेतलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायला आणि प्रोग्रामचा अभ्यास करायला तिथे मुभा आहे. पण मुभा वेगळी आणि मदत वेगळी. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही चार क्षेत्रं घेतली. गाडी दुरुस्त करायचा हक्क यादीत आला. त्या गाडीचा कॅमशाफ्ट मोजणारं मशीन मात्र यादीत नाही!

तोवर काय करायचं? शॉपवाल्या काका-मामांना माझं सांगणं: नवीन मशीन घेताना पर्चेस ऑर्डरमध्येच एक ओळ टाका, सपोर्ट बंद झाल्यास कार्डाची पूर्ण तांत्रिक माहिती आणि ड्रायव्हरचा सोर्स आम्हाला मिळेल. पैसे द्यायच्या आधी हे मागता येतं, नंतर नाही. आणि चालू असलेल्या जुन्या पीसीच्या डिस्कची कॉपी याच आठवड्यात करून ठेवा.

आणि आपल्यासारख्या हिंजवडीकरांना: एखादा गुरुवार काढा आणि ओळखीच्या कुणाचं शॉप बघून या. मी रोज जे करतो ते बंद पडलं तर कुठल्या तरी देशातल्या माणसाला एक बटण निळ्याऐवजी करडं दिसेल. इथे एक आकडा चुकला तर मामांची नोकरी जात होती. आणि तो आकडा आधी पकडला कुणी? मी नाही. पेन्सिलवाल्यांनी.

खंडेनवमीला काकांनी बोलावलं होतं. सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा, त्या पिवळट पीसीलासुद्धा. बाजूला पाटावर मामांची वही ठेवली होती. तिच्या शेवटच्या पानावर मी त्या कार्डाची सापडली तेवढी सगळी माहिती लिहून दिलीये, मराठीत. पुढच्या वेळी मदरबोर्ड गेला तर जो कोणी येईल त्याचे गुरुवार वाचावेत.

सोमवारी ऑफिसात एक लेगसी प्रोजेक्ट वाटला जाणार आहे. मी हात वर करायचं ठरवतोय. बघू :)