आजी पहाटे तीनला जागी असते

"दादा, नाइन एमएम घेऊ की शॉटगन?"

असा फोन मला अधूनमधून येतो. बोलणारा बहुतेक चाळिशीचा, पुण्या-नाशकाकडचा, आयटीतला. ग्रीन कार्ड झालेलं असतं, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो किंवा अ‍ॅलनमध्ये चार बेडरूमचं घर झालेलं असतं, आणि जवळपास कुठे घरफोडी झाल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून झोप उडालेली असते. मलाच विचारायचं कारण एवढंच, की सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत .२२ ची रायफल हाताळली होती आणि टेक्सासात आल्यावर ती हौस पुन्हा उफाळून आली. शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडणं हा माझा छंद आहे, हे इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी उलट विचारतो, "आई-बाबा कधी येणार आहेत?"

पलीकडचा गोंधळतो. पण प्रश्न मुद्द्याचाच आहे. मे महिन्यात आई-बाबा येतात आणि पुढे काही महिने राहतात. उन्हाळ्यात टेक्सासात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा भारतात दुपारचा दीड वाजलेला असतो. त्यामुळे आल्यावर बरेच दिवस आजी तीनला टक्क जागी असते. नातवंडांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही. अंधारात चाचपडत जिना उतरते, स्वयंपाकघरातली अनोळखी कपाटं उघडून चहाची पूड शोधते, हातातून डब्याचं झाकण पडतं. वर तिचा मुलगा दचकून उठतो. त्याच्या उशाशी आता पिस्तूल आहे.

घरासाठी बंदूक निवडताना माणूस चोर डोळ्यांसमोर ठेवतो. चोर आलाच तर एखाद्या रात्री येईल. आजी, उशिरा चोरपावलांनी घरात शिरणारा कॉलेजातला मुलगा, राहायला आलेली मुलीची मैत्रीण, गॅरेजचा कोड माहीत असलेला मित्र हे सगळे मात्र कुठल्याही रात्री त्या अंधारात असू शकतात. लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये १९९२ साली जपानहून शिकायला आलेला सोळा वर्षांचा मुलगा हॅलोवीनच्या पार्टीला जाताना चुकीच्या दारात गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला निघालेल्या सोळा वर्षांच्याच मुलाने चुकीच्या घराची बेल दाबली. ८४ वर्षांच्या मालकाने दारातूनच गोळ्या झाडल्या. नशिबाने मुलगा वाचला. आमच्या सोसायटीत सगळी घरं एकाच साच्यातली. गणपतीत आरतीचं ताट घेऊन चुकीच्या दारात उभी राहिलेली आमची मुलं मी पाहिली आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळला की हे लोक यूट्यूब पाहून ठरवतात.

दुकानात आधी शॉटगन पुढे करतात. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५००, बारा बोअरची, पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची. त्या 'खटाक्-खटाक्' आवाजानेच चोर पळतो, ही इथली लाडकी समजूत. २०१३ मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष असताना, बायडन यांनीही शॉटगनच घ्या असा सल्ला दिला होता. संकट आलं तर बाल्कनीत येऊन दोन बार काढ, असं आपण पत्नीला सांगून ठेवलंय, हेही त्यांनी सांगितलं. हा सल्ला बंदुका पाळणाऱ्यांनाही पटला नाही आणि न पाळणाऱ्यांनाही. घरसंरक्षणासाठी जे काडतूस विकतात त्यात साधारण आठ-नऊ छर्रे असतात, प्रत्येक आठ मिलिमीटरहून थोडा जाड. आणि इथली आतली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. ती सांगलीतल्या जुन्या घराची दीड विटेची भिंत नव्हे. छर्रे असोत की नाइन एमएमची गोळी, अशा एकापेक्षा जास्त भिंती सहज पार करतात. एआर-१५ रायफलची हलकी, वेगवान गोळी लवकर फुटते, म्हणून ती घरात त्यातल्या त्यात बरी असं तिचे चाहते सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ती पहिल्या भिंतीत अडकत नाही. म्हणून मी फोनवरच्या माणसाला घराचा नकाशा काढायला लावतो. तुमच्या बेडरूमच्या दारात उभं राहून जिन्याकडे नेम धरला, तर त्या रेषेत पलीकडे कोणाची खोली येते? बऱ्याच घरांत मुलांचीच येते. आवाजाचं तर कोणी सांगतच नाही. बंद खोलीत बार काढला की आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरतात. पहिल्या गोळीनंतर समोरचा "अरे, मी आहे" म्हणाला तरी ऐकू येईल याची खात्री नाही.

शॉटगनची खरी अडचण वेगळीच आहे. ती लांब असते, उशाजवळच्या छोट्या तिजोरीत मावत नाही. मग ती दारामागे उभी राहते किंवा कपाटात साड्यांच्या मागे जाते. पिस्तूल तिजोरीत मावतं, एका हातात धरून दुसऱ्या हाताने फोन करता येतो. मात्र ते अचूक चालवणं सर्वांत कठीण. रेंजवर दिवसाउजेडी, सात यार्डांवरून, शांत चित्ताने झाडलेल्या गोळ्याही नवशिक्याच्या कुठल्या कुठे जातात. ग्लॉक १९ चं उदाहरण घ्या, इथे सगळ्यांना तेच हवं असतं. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, बाहेर अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका नाही, चाप ओढायला अडीच किलोच्या आसपास जोर.

कोणी हटूनच बसलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. मध्यम आकाराचं, नाइन एमएमचं, साधं पिस्तूल घ्या. ते नवरा-बायको दोघांच्या हातात नीट बसलं पाहिजे, दोघांनी ते रेंजवर चालवून पाहिलं पाहिजे, आणि बायको नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. कंपनी कुठली यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांची मला गंमत वाटते. अर्धी अक्कल तिजोरीवर खर्च करा म्हटलं की यांचा उत्साह मावळतो.

तिजोरीबद्दल मी हट्टी आहे. "आमची मुलं शहाणी आहेत, त्यांना समजावून सांगितलंय" हे वाक्य मला ऐकवत नाही. अटलांटातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ ते बारा वर्षांची ६४ मुलं छोट्या गटांनी एका खोलीत सोडली. खोलीत ड्रॉवरमध्ये खरं पिस्तूल लपवलं होतं, अर्थात निकामी केलेलं. ४८ मुलांना ते सापडलं, ३० जणांनी हाताळलं, १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना बंदुकीपासून दूर राहायचं असतं हे आधी शिकवलेलं होतं. मुलगा शहाणा असतोच. कुतूहल शहाण्यालाही असतं.

म्हणून तिजोरी पोलादी हवी आणि पलंगाच्या चौकटीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेली हवी, नाही तर चोर तिजोरीसकट पिस्तूल नेतो. बटणं दाबून उघडणारी घ्या. बोटाच्या ठशाची नको. घामेजलेल्या किंवा कणकेच्या हाताला ती ऐन वेळी दाद देत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाने ठशाच्या सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत मागवल्या. मालकाने आपला ठसा नोंदवला नाही तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि त्या प्रकरणात एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा दावा कोर्टात होता. आकड्यांचं कुलूप घेतलं तर आकडा मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नका. आपल्याकडे बँकेपासून वायफायपर्यंत सगळीकडे तोच असतो आणि मुलांना पाठ असतो. टेक्सासात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो, हे बंदूक घेतलेल्या कित्येकांच्या गावीही नसतं.

हे कुलूप फक्त लहानग्यांसाठी नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. आमच्या घरांत अकरावी-बारावीच्या वयाची मुलं कॉलेज प्रवेशाच्या चिंतेने कशी पिचतात ते मी पाहतो. त्या वयात वाईट रात्र येते आणि जाते, पण तेवढ्या रात्रीत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. याविषयी मंडळात बोलायला गेलो की विषय बदलला जातो. दुसरा न बोलायचा विषय नवरा-बायकोचा. कॅलिफोर्नियातला २०२२ चा अभ्यास लाखो माणसांचा आहे. स्वतःची बंदूक नाही पण घरातल्या दुसऱ्या कुणाची आहे, अशा लोकांचा जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचा धोका, बंदूक नसलेल्या घरांतल्यांच्या सातपट आढळला. त्यांत बहुतेक बायका. रक्षणासाठी आणलेली वस्तू कोणाच्या जिवावर उठते, हे त्या आकड्यात दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भारतीय घरांना खरंच लक्ष्य केलं गेलंय. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन आणि टेक्सासात आशियाई, विशेषतः भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं हेरून दरोडे घातले. हत्यारं घेऊन घरात घुसायचं, माणसांना, मुलांनासुद्धा, टेपने बांधायचं आणि सोनं-रोकड काढायची. टोळीच्या म्होरकीला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा भीती काल्पनिक आहे असं मी म्हणणार नाही. पण ते आले कशाला? सोन्याला. आईच्या पाटल्या आणि लग्नातला राणीहार अजून अनेक घरांत बेडरूमच्या कपाटात आहेत, आणि दिवाळीच्या फोटोंतून साऱ्या जगाला दिसतात. बँकेच्या लॉकरला वर्षाला शे-दोनशे डॉलर लागतात. मागच्या दारी दिवा, चौकटीत तीन इंची स्क्रू, अलार्म, हवं तर भुंकणारं कुत्रं; एवढ्यात बहुतेक चोर पुढच्या घराकडे वळतो. अमेरिकेच्या न्याय खात्याचा २००३ ते २००७ चा हिशोब सांगतो, की दर शंभर घरफोड्यांपैकी साधारण २८ वेळा घरात कोणी तरी होतं आणि सातेक वेळा त्या माणसावर हल्ला झाला. बाकी वेळा घर रिकामं होतं. रिकाम्या घरात तुमची बंदूक ही चोरायची आणखी एक वस्तू.

६ मे २०२३ ला अ‍ॅलनच्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यांत हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअरही होती. त्यानंतर फोन वाढले. भीती मॉलची, बंदूक बेडरूमसाठी. एच-वन-बीवर असलेल्यांना कायद्याने बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचा परवाना असेल तर चालतं, ही पळवाटही तेव्हाच बऱ्याच जणांना कळली. ज्यांनी आयुष्यात कोंबडी कापताना पाहिली नाही त्यांनी पंचवीस डॉलर भरून शिकारीचे परवाने काढले. वाळवा तालुक्यातल्या माझ्या मामाकडे रानासाठी दुनळी होती. परवान्यासाठी त्याने किती खेटे घातले हे घरात दंतकथा होऊन बसलंय, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायला तो कुरकुरत जायचा. इथे तपासणीला अडचण आली नाही तर तासाभरात बंदूक हातात.

काहींना मी स्वतः दुकानात घेऊन गेलो आहे. हायवेवरचं मोटेल चालवणारं आणि त्याच इमारतीत मागे राहणारं एक जोडपं. घटस्फोटानंतर नवऱ्याच्या धमक्यांमुळे कोर्टाचा संरक्षण आदेश घेतलेली एक बाई, एकटी राहणारी. गावाबाहेर, जिथे शेरीफची गाडी यायला अर्धा तास लागतो अशा जागी शेत घेतलेला एक मित्र. यांचा धोका कोण, कुठून, केव्हा, हे त्यांना सांगता येत होतं. फ्रिस्कोतल्या चार बेडरूमवाल्याला मी सरळ सांगतो, घेऊ नकोस. माझं स्वतःचं .२२ चं पिस्तूल तिजोरीत असतं, गोळ्या वेगळ्या कुलपात. चोर आला तर त्याचा काहीही उपयोग नाही, आणि ते तसंच असावं असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलंय.

आपण न घेऊन भागत नाही, कारण आपली मुलं दुसऱ्यांच्या घरी खेळायला जातात. टेक्सासात ते दुसरं घर बंदुकीचं असण्याची शक्यता भरपूर. केकमध्ये अंडं आहे का, हे आम्ही न लाजता विचारतो. घरात बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, हे विचारायला जीभ रेटत नाही. लोकांना राग येईल असं वाटतं. माझ्या मुलीला पहिल्यांदा वर्गातल्या मैत्रिणीकडे राहायला पाठवताना मी तिच्या वडिलांना तेच विचारलं. पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासचा, पिकअपवाला गडी. तो म्हणाला, "अकरा आहेत, ये, दाखवतो," आणि गॅरेजमधली माणूसभर उंचीची तिजोरी दाखवून, तिचं हँडल दोनदा खाली ओढून, ती उघडत नाही याची माझ्याकडूनही खात्री करून घेतली. परवा मंडळातल्या एकाला मी हाच प्रश्न विचारला. तो मात्र दुखावला.