दुकानामागची शाळा

शिकवणं सोडून इथे आले, तरी शाळेची गोष्ट निघाली की माझे कान टवकारतात. यंदाची गोष्ट सेप्टिमा क्लार्क बाईंची.

साउथ कॅरोलिनात मतदार व्हायचं तर वाचता येतं हे दाखवावं लागे. कित्येक कृष्णवर्णीय तिथेच अडत. क्लार्कबाई ४० वर्षं शिक्षिका. १९५६ मध्ये राज्याने सरकारी नोकरांना एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेत राहायला बंदी केली. बाईंनी सभासदत्व सोडलं नाही. नोकरी गेली, पेन्शनही गेलं.

जानेवारी १९५७ मध्ये जॉन्स बेटावर, एका दुकानाच्या मागच्या खोलीत, प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला बाईंनी निवडलं नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना. त्या ब्यूटी पार्लर चालवत. त्यांनी आधी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही, कुणाला बायबल, कुणाला पत्र. तिथूनच धडे ठरले. असे वर्ग दक्षिणेत सगळीकडे निघाले, हजारो मतदार झाले. नाव मात्र पुढाऱ्यांचं झालं.

आमच्या रविवारच्या मराठी वर्गातली मुलं हल्ली गळू लागलीत. पुस्तक बदललं, खाऊ वाढवला. तुम्हाला काय शिकायचंय, हे मात्र मी कधी विचारलंच नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी विचारणार आहे.