आठ हजर, सर!

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसची ऑफसाइट होती. लोणावळ्याजवळचं रिसॉर्ट, बुफेत तेच ते पनीर आणि सकाळी आठला टीम बिल्डिंग. ट्रेनरने हातात दोरखंड घेऊन विचारलं, ''इथे शाळेत स्काउटला कोण होतं?'' मी झोकात हात वर केला. पाच मिनिटांत मी बांधलेल्या झोपाळ्यावरून आमचे फायनान्सवाले साहेब हिरवळीवर आपटले. त्यांना लागलं नाही. माझं अप्रेझल अजून व्हायचंय.

तर सांगायचा मुद्दा असा, की मला एकच गाठ येते आणि तीही चुकीची. रीफ नॉटचा मंत्र सोपा आहे, आधी डावी उजवीवर, मग उजवी डावीवर. मी दोन्ही वेळा डावीच वर घेतो. दिसायला छान दिसते, पण ताण आला की सरकते.

हे पाप आष्टीचं. बीडची आष्टी नव्हे, आमची वर्धा जिल्ह्यातली, आष्टी शहीद. साल २००१, डिसेंबर, मी आठवीत. आर्वीहून आमचं पथक कॅम्पला गेलं. पहिल्या दिवशी सरांनी स्मारकाजवळ उभं करून १६ ऑगस्ट १९४२ ची गोष्ट सांगितली. गावकऱ्यांचा मोर्चा पोलिस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. आम्ही खाकी कपड्यांत सॅल्यूट ठोकून ऐकत होतो. साहेबाच्या राज्याविरुद्ध ज्या गावाने रक्त सांडलं, तिथे आम्ही साहेबाच्याच एका निवृत्त जनरलची विद्या शिकायला आलो होतो. बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. अर्थात हा विनोद मला आज सुचतोय. तेव्हा लक्ष फक्त जेवण कधी मिळतं याकडे होतं.

मी वाघ संघाचा संघनायक. आठ पोरं, एक तंबू आणि उत्कृष्ट संघाची ढाल जिंकायचीच असा माझा हट्ट. सगळ्यात लहान तो बारक्या. मामाकडे आर्वीला राहून शिकायचा. त्याचं घर कॅम्पपासून जेमतेम कोस-दीड कोसावर. एवढ्या जवळ येऊन आईला भेटायचं नाही, म्हणून पहिल्या रात्री तो पांघरुणात रडला. मी त्याला सगळ्यांसमोर 'बायल्या' म्हणालो. आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची परीक्षा. तीन दगडांची चूल, त्यावर पातेलं. पातेल्याला बाहेरून चिखल लिंपायचा, म्हणजे काजळी धरत नाही आणि घासायला सोपं जातं. मी बारक्याला सांगितलं, ''लिंप.'' कुठून ते सांगायचं राहिलं. त्याने इमानदारीत आतून-बाहेरून लिंपलं. खिचडी अशी झाली, की परीक्षक सरांनी एक घास घेतला आणि बराच वेळ आष्टीच्या आभाळाकडे पाहत राहिले. मार्क गेले, ढाल गेली. मी आठही पोरांची भांडी बारक्याला एकट्याला घासायला लावली. थंडी मरणाची, पाणी बर्फासारखं.

त्याच रात्री माझ्या त्या सुप्रसिद्ध गाठीने बांधलेला तंबू आमच्या अंगावर कोसळला. बाहेर एक गवळाऊ गाय दोरीचं टोक निवांत चघळत उभी होती. तिला मी आजही दोष देत नाही. अंधारात कोण कुठे झोपलं कुणास ठाऊक.

सकाळी मोजले तर सहा. मग लक्षात आलं, मी स्वतःला मोजलंच नाही. सात. परत मोजले, तरी सातच. बारक्या नव्हता.

आणि हजेरीला मी काय केलं? टाचा जुळवल्या, सॅल्यूट ठोकला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, ''वाघ संघ, आठ हजर, सर!'' दोन तास मी तुरीच्या शेतातून, संत्र्यांच्या बागेतून, विहिरीच्या काठाने त्याला शोधत फिरलो. एका विहिरीत वाकून हाक मारली आणि माझाच आवाज परत आला. तेव्हा पाय लटपटले. धावत जाऊन सरांना सगळं सांगितलं.

सर काही बोलले नाहीत. पडलेल्या तंबूपाशी गेले आणि थांबले. जमिनीवर खड्यांचं एक वर्तुळ होतं, मधोमध एक खडा. सकाळी मी ते पाहिलं होतं, कुणाचा तरी खेळ समजून ओलांडलंही होतं. आदल्याच दिवशी मागच्या खुणा शिकवल्या होत्या. बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे इकडून नको. वर्तुळात टिंब म्हणजे घरी गेलो आहे. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलच्या थडग्यावरही हीच खूण आहे.

सरांच्या एम-एटीवर मागे बसून गेलो. बारक्या ओसरीवर भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी खात होता. त्याची माय म्हणाली, ''या ना सर, जेवून घ्या. यानं सांगतलं का सुट्टी हाय म्हनून.'' मी ओरडलो, ''काऊन बे, न सांगता आला?''

त्याने शांतपणे घास गिळला. ''खूण केली होती ना म्या. तुले वाचता नाई आली काय?''

सरांना हसू आवरलं नाही. परत येताना गाडीवर बारक्या मध्ये, मी मागे आणि दोघांचे खिसे संत्र्यांनी फुगलेले. माझ्या हातात आली त्या संत्र्यांची अर्धी पिशवी त्याच्या मायने दिली होती, ''सगळ्या पोट्ट्यायले द्या'' म्हणून. रात्री त्याच्याबरोबर भांडी मी घासली. सॉरी मात्र म्हणालो नाही. आठवीत असलं काही म्हणता येत नाही.

संध्याकाळच्या हजेरीला सर मुद्दाम माझ्यासमोर थांबले. ''मोज. मोठ्याने.'' मी एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजलं आणि घाबरत म्हणालो, ''सात, सर.''

रांगेच्या टोकावरून बारक्या ओरडला, ''आठ, सर! यानं सोतःले मोजलंच नाई!''