बाळाची नोंद आणि सरकारचे धोरण

आरोग्याची नवी योजना जाहीर झाली की आपण विचारतो, निधी किती? त्याआधी विचारायला हवे की, या योजनेने जीव वाचतात हे कोणी आणि कसे तपासले?

गरीब देशांत हे तपासणे सोपे नसते. घरी जन्मलेले बाळ चार दिवसांत दगावले, तर पुष्कळदा ना जन्माची नोंद होते, ना मृत्यूची. जे बाळ कागदावरच नाही, त्याच्यासाठी धोरण कोण आखणार?

यावर गडचिरोलीत मार्ग निघाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गावोगावचे जन्म-मृत्यू काटेकोर नोंदवले. ३९ गावांतील महिलांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तेथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. तुलनेची गावे नसती, तर फरक या कामाने पडला की एखाद्या चांगल्या वर्षामुळे, हे कळले नसते. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरगुती नवजात सेवा देशभर सुरू केली. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

तेव्हा वाचकहो, आशाताईंच्या वहीला कागद रंगवणे म्हणू नका. घरातील जन्म सांगा, आणि दुःख असले तरी मृत्यूही सांगा. पुढच्या बाळासाठी तेवढे तरी करू या.