डोकी मोजून वाद्यवृंद होत नाही

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या विधिमंडळाने २०२५ साली एक कायदा केला. सरकारी विद्यापीठातील ज्या पदवीला तीन वर्षांच्या सरासरीने १५ पदवीधरही लाभत नाहीत, ती पुढे चालवायची तर राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाची खास संमती घ्यावी लागेल. पदव्युत्तर पदवीसाठी हा आकडा ७, डॉक्टरेटसाठी ३. करदात्याच्या पैशाचा हिशेब मागण्यात वावगे काही नाही. परंतु हीच फूटपट्टी संगीताला लावली की हिशेबच चुकतो.

याच राज्यात ब्लूमिंग्टन येथे इंडियाना विद्यापीठाचे जेकब्स संगीत विद्यालय आहे. १९२१ साली स्थापन झालेल्या या विद्यालयात सुमारे १,६०० विद्यार्थी शिकतात आणि वर्षाकाठी १,१०० च्या आसपास कार्यक्रम होतात, बहुतेक विनामूल्य. म्हणजे दिवसाला सरासरी तीन! ऑपेराचा तर पुरा हंगाम असतो. रंगमंचावर गाणारे विद्यार्थी, खाली साथीला बसलेला वाद्यवृंदही विद्यार्थ्यांचाच. विख्यात व्हायोलिनवादक जोशुआ बेल याच गावात जन्मला आणि याच विद्यालयात जोसेफ गिंगोल्ड यांच्या हाताखाली घडला.

एवढे कार्यक्रम हवेत कशाला, असे कोणी विचारील. विद्यार्थ्याने शिकावे, परीक्षा द्यावी, पदवी घ्यावी! मुलांच्या पियानोच्या ग्रेड मोजणारे आपल्यातील पालकही याहून निराळे बोलत नाहीत. पण बासून वाजवणारा मुलगा एकट्याने खोलीत बसून फार तर सूर पक्का करील. शेजारच्या क्लॅरिनेटचा सूर किंचित चढला तर आपला कसा सावरावा, साठ मात्रा मुकाट्याने मोजून नेमक्या क्षणी कसे शिरावे, हे त्याला कोणती परीक्षा शिकवणार? कार्यक्रम हाच त्याचा वर्ग.

आणि या वर्गाला सारी वाद्ये लागतात. बीथोवनच्या बहुतेक सिम्फनींना ओबो दोन, बासून दोन. पंधरा नव्हेत. ते दोघे गेले तर नुकसान त्या दोघांपुरते राहत नाही. व्हायोलिनच्या तीस विद्यार्थ्यांची सिम्फनीच जाते. कायदा आज पदव्या मोजतो हे खरे, पण मोजण्याची ही सवय एकेका वाद्यापर्यंत पोहोचायला कितीसा वेळ लागतो? आपल्या धर्मग्रामात गायनवृंदात तीस जण गातात, ऑर्गन एकच जण वाजवतो. संख्या कमी म्हणून त्याला घरी बसवून पाहावे!

हे दुखणे परक्यांचे म्हणून सोडून देता येणार नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सिनेसंगीतातील नामवंत वादक व गायक त्यात होते. पुढे ते स्वतः अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि तो वाद्यवृंद काही टिकला नाही. टिकणार कसा? जुने वादक गेले की त्यांच्या खुर्च्या भरायला दरवर्षी नवे लागतात. ते काम एका माणसाच्या जिद्दीने होत नाही, ते विद्यापीठाचे.

जेकब्सच्या ऑयर सभागृहात २०१० साली फिस्क कंपनीचा भव्य ऑर्गन बसवण्यात आला. तो वाजवायला शिकणारे वर्षाला १५ निघाले नाहीत, तर आयोग त्या ऑर्गनला कुलूप घालणार आहे काय?